पेस्टचं पथ्य

रखमाजी लेण्याद्रीच्या पायथ्याला आला तेव्हा ऑक्टोबरची छाटणी चालू होती. सोमनाथच्या अर्ध्या एकर द्राक्षबागेत भिकाच्या टोळीतली अकरा माणसं कापडाचे बोळे घेऊन काड्यांच्या डोळ्यांना पेस्ट लावत होती. पेस्टमध्ये तांबडा रंग कालवतात, कुठला डोळा लावला आणि कुठला राहिला ते कळावं म्हणून. सगळ्यांचे हातमोजे तांबडेभडक झाले होते. रखमाजीनं फटफटी बांधाला लावली आणि तो बांधावरच उभा राहिला. निरगुडसरपासून मंचर, नारायणगाव, जुन्नर करत उन्हातून आलेला माणूस, म्हणून सोमनाथची बायको यशोधरा तांब्या भरून घेऊन गेली. रखमाजीनं हात हलवला. तहान नाही म्हणाला. ओठ सुकून पांढरे पडले होते त्याचे. साल अठ्ठ्याण्णव होतं, पण सोमनाथ बौद्ध होता, आणि त्याच्या तांब्यातलं पाणी अजून जुन्याच सालातलं होतं.

ज्ञान मात्र बाटत नाही. ते बांधावरून उचललं तरी चालतं.

रखमाजी घोड नदीच्या काठचा जुना जमीनवाला. ऊस झाला, बटाटा झाला, आता त्यानं आणि त्याच्या धाकट्या भावानं, धर्माजीनं, द्राक्षं लावली होती. वेल उभे राहिले, मांडव झाला, पण छाटणीनंतर डोळे फुटताना एक आज, एक पंधरा दिवसांनी, एक कधीच नाही. अशा बागेत एका घडात साखर भरते तेव्हा शेजारचा घड अजून मिरीएवढा असतो. व्यापारी बागेत शिरतो आणि पाठ फिरवून निघून जातो. सोमनाथच्या बागेत मात्र ह्या पेस्टनं नवव्या-दहाव्या दिवशी सगळे डोळे एकदम फुटतात, ही बातमी नारायणगावच्या बाजारातून नदी ओलांडून आंबेगाव तालुक्यात पोचली होती.

सोमनाथनं ती विद्या नाशिककडून आणली होती. तीन हंगाम तो तिकडच्या बागांत मजुरी करून राहिला, मोठ्या बागाइतदारांची रीत पाहून आला आणि बापाच्या तुकड्यात स्वतः वेल लावले. पहिल्या वर्षी भावकी हसली. दुसऱ्या वर्षी बघायला आली. तिसऱ्या वर्षी आसपासच्या सगळ्या बागांत पेस्ट लावायचं काम तोच अंगावर घेऊ लागला, भिकाची टोळी हाताशी धरून.

रखमाजीनं बांधावरून एकेक विचारलं आणि सोमनाथनं एकेक सांगितलं. हातचं राखलं नाही. छाटणीनंतर दोन दिवसांच्या आत लावायचं, त्याच्या पुढं गेलं की डोळा घेत नाही. पाण्यात किती, रंग किती, काडीच्या कुठल्या डोळ्यांना लावायचं आणि कुठले सोडायचे. हातात मोजे, तोंडाला फडकं. रखमाजीनं खिशातल्या डायरीत सगळं उतरवून घेतलं. मग सोमनाथ म्हणाला, "आन एक पथ्य हाय, तात्या. दारू न्हाई. आदला एक दिस आन नंतरचं आठ दिस. लावनाऱ्यानं थेंब घ्यायचा न्हाई."

रखमाजीनं डायरी मिटली. "ते तुमचं धर्माचं झालं. आमी काय पंचशील घेतलंय व्हय?"

टोळी हसली. भिका वेलीआडून म्हणाला, "आमी तरी कुठं घेतलंय, तात्या? पर सोमनाथभाऊच्या बागंत आलं का आमाला उपास. सासू बरी, पर ह्यो उपास नको."

पुन्हा हसू झालं. सोमनाथही हसला. आणि जे बोलायचं होतं ते त्याच्या तोंडात तसंच राहिलं.

कारण ते पथ्य धर्माचं नव्हतं. ते औषधाचं होतं.

नाशिककडच्या तिसऱ्या हंगामात सोमनाथचा मावसभाऊ नवनाथ त्याच्या शेजारच्या ओळीत पेस्ट लावत होता. संध्याकाळी पाय दुखतात म्हणून नवनाथनं पावशेर घेतली. अर्ध्या तासात त्याचं तोंड शेंदूर फासल्यासारखं लाल झालं, छाती भात्यासारखी वरखाली व्हायला लागली, आणि उजाडायच्या आत तो गेला. मालकानं मढं टेम्पोत घालून जुन्नरला पाठवून दिलं. मुकादमानं सोमनाथला बाजूला घेऊन सांगितलं, ह्या औषधाचं आणि दारूचं वाकडं आहे, डब्यावर लिहिलंय म्हणतात, इंग्रजीत. ज्यांना लावायचं त्यांना इंग्रजी येत नाही, आणि ज्यांना इंग्रजी येतं ते लावत नाहीत.

हे सगळं ठाऊक असून सोमनाथनं तोच डबा घरी आणला. माणूस वर यायला बघतो तेव्हा पायाखाली काय आहे ते फार बघत नाही. पण टोळीला खरं सांगितलं तर घोडेगावच्या वरच्या डोंगरातली ही माणसं पेस्टला हात लावणार नाहीत, हेही त्याला ठाऊक होतं. मग त्यानं युक्ती केली. माझ्या कामावर दारू चालत नाही, माझ्या धम्मात बसत नाही, पटलं तर या. यशोधरा पोटभर जेवू घालायची, रोज वेळेवर मिळायचा, माणसं आली. तीन वर्षं एकालाही काही झालं नाही. खोटं बोलून त्यानं अकरा माणसं जिवंत ठेवली, आणि ह्याचा त्याला मनातून थोडा अभिमानसुद्धा होता.

आता रखमाजीपुढं खरं बोलावं तर टोळी ऐकतेय. निम्मी बाग लावायची राहिलेली, आणि छाटलेल्या वेलीला दोनच दिवस. सोमनाथनं बोळा पुन्हा पेस्टमध्ये बुडवला. रखमाजीनं फटफटीला लाथ मारली. जाता जाता भिकाला त्यानं विचारलं, इथलं संपलं की माझ्याकडं येता का. भिका म्हणाला, येतो की.

सोमनाथची बाग बुधवारी संपली. गुरुवारी सकाळी टोळी बोचकी बांधून एसटीला निघाली. भिकाची बायको गोजरबाई यशोधरेचा निरोप घ्यायला आली आणि हसत हसत सांगून गेली, की गडी लई खुशीत आहेत, तात्याकडं उपास नाही, शनिवारी बाग संपली की कात्री धुवायची आहे.

कात्री धुवायची म्हणजे शेवटचा वेल झाला की मांडवाखाली बोकड शिजतो, छाटणीच्या कात्र्यांवर दारूची धार धरायची आणि बाटलीत उरलं ते गड्यांनी प्यायचं. फार जुनी रीत आहे असं सांगतात. प्रत्यक्षात द्राक्षं येऊन वीस वर्षं नाही झाली आणि रीत मात्र आजोबांची. जादा रोजापेक्षा एक बाटली स्वस्त पडते, हे ज्याला पहिल्यांदा कळलं त्यानं ती काढली.

टोळीची एसटी दिसेनाशी झाल्यावर यशोधरा दारातच उभी राहिली. म्हणाली, "नवनाथभावजींचं तोंड मी धुतलंय. तुमी न्हाई. तुमी आज जा."

सोमनाथ गेला नाही. कुकडीच्या अंगाच्या दोन बागांची बोली झाली होती आणि त्या भिकाच्या टोळीवरच उभ्या होत्या. तिथं जाऊन टोळीदेखत बोललो तर सगळं संपलं. त्यानं मधला मार्ग काढला. मधला मार्ग म्हणजे नेहमी भित्र्या माणसाचा मार्ग. जुन्नरच्या एसटीडी बूथवरून त्यानं रखमाजीच्या घरी फोन लावला. फोन घेतला प्रयागबाईनं, धर्माजीच्या बायकोनं. सोमनाथनं दोनदा घोळून सांगितलं, की पेस्ट लावल्यावर आठ दिवस कुणी दारू पिऊ नका, आठवणीनं सांगा, लई महत्त्वाचं आहे. का, ते सांगितलं नाही. प्रयागबाई बरं म्हणाली आणि तिनं निरोप जसाच्या तसा दिला. बाईची त्यात काही चूक नाही.

शुक्रवार गेला. शनिवारी सकाळी सोमनाथनं यशोधरेला काही न विचारता चप्पल घातली. जुन्नरहून नारायणगावची गाडी मिळाली. नारायणगावला टोमॅटोच्या क्रेटांनी भरलेल्या टेम्पोंनी रस्ता अडवला होता, तिथं पाऊण तास गेला. मंचरला निरगुडसरची गाडी डोळ्यांदेखत सुटली. दुसरी दीड तासानं. तो एका जीपच्या मागच्या पायरीवर लोंबकळत निघाला. रस्त्याच्या दोन्ही अंगांना नवे मांडव दिसत होते. मागच्या वर्षी इथं ज्वारी होती. छाटलेल्या काड्यांवर जागोजाग तांबडे ठिपके होते. त्यानं एक बाग मोजली, दोन मोजल्या. तिसऱ्या बागेलाही तांबडे ठिपके दिसले तेव्हा त्यानं मोजणं सोडलं. ह्या बागा रखमाजीच्या नव्हत्या.

रखमाजीच्या मळ्यात पोचला तेव्हा दुपारचे तीन वाजून गेले होते. मटणाचा वास फाट्यापासूनच येत होता. मांडवाखाली ताडपत्रीवर टोळी बसलेली, बाया पलीकडं भाकरी करत होत्या. कात्र्या मांडून ठेवल्या होत्या. बाटल्यांची बुचं उघडली होती, पण स्टीलचे पेले अजून कोरडे होते; धर्माजी मिठाचं बघायला गेला होता आणि भाऊ आल्याशिवाय धार धरायची नाही म्हणून सगळे थांबले होते. मिठानं वेळ राखली होती.

रखमाजीनं सोमनाथला बघितलं आणि मोठ्यानं या म्हणाला. खुशीत होता. त्याचे हात मनगटापर्यंत तांबडे होते. हातमोजे नाजूक लोकांनी घालावेत म्हणून दोन दिवस त्यानं उघड्या हातांनी पेस्ट लावली होती, स्वतः, मजुरांच्या पुढं होऊन. कामाला मागं हटणारा माणूस नव्हता तो, एवढं म्हटलं पाहिजे.

सोमनाथ बसला नाही. उभ्यानंच म्हणाला, "तात्या, ती बाटली बंद करा. ह्यो धरम न्हाई. औषध हाय. हे औषध अंगात असताना दारू घेतली तर मानूस मरतं. माझा भाऊ मेलाय."

भाकरी थापायचा आवाज थांबला. भिकानं हातातला पेला खाली ठेवला.

रखमाजीचं हसू गेलं नाही, फक्त घट्ट झालं. "बांधावर का न्हाई बोललास मग? परवा फोनवर का न्हाई बोललास?"

ह्या प्रश्नाला खरं उत्तर एकच होतं आणि ते सोमनाथनं दिलं. म्हणाला, टोळी ऐकत होती. टोळी पळाली असती. माझी बाग निम्मी राहिली होती.

"आन आज माझ्या भावाची बाग राहिलीय," रखमाजी म्हणाला. "उद्या लावायचीय. छाटून झालीय. टोळी पळाली का धर्माजीचं साल गेलं." तो टोळीकडं वळला. "कळलं का राव? आपल्या तोंडानं सांगतोय. ह्याच्या कामाला मानसं पायजेत तवा दारू धर्मात बसत न्हाई, आन माझ्या कामाला पायजेत तवा दारूनं मानसं मरत्यात."

मुद्दा चोख होता. जो माणूस तीन वर्षं खोटं बोलून टोळी टिकवतो, तो खोटं बोलून टोळी पळवणार नाही, हे कुणी कशावरून मानावं? तरी सोमनाथ बोलला. नवनाथचं सगळं सांगितलं, तोंड कसं झालं, श्वास कसा झाला, किती वेळ लागला. बोलता बोलता तो पुढं सरकला आणि बाटलीला हात घालायला गेला. तिथं चुकलं. रखमाजीच्या मांडवाखाली, रखमाजीच्या मजुरांपुढं, सोमनाथनं रखमाजीच्या बाटलीला हात घालावा? पाच पिढ्या जागेवर उभ्या राहिल्या त्याच्या अंगात.

रखमाजीनं बाटली उचलली, कात्र्यांवर धार धरली आणि पेला भरून एका दमात रिकामा केला. दुसरा भरला, तोही केला.

"बघा," म्हणाला, आणि मांडी घालून बसला.

कुणीच काही खाल्लं नाही. धर्माजी मीठ घेऊन आला, काय झालं म्हणून विचारू लागला, कुणी सांगेना. रखमाजी भिकाशी ऊस एकरी किती टन पडला ते बोलत होता. सोमनाथ त्याच्या मानेकडं बघत होता. आधी कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग मान. रखमाजीनं टोपी काढली आणि आज ऊन फार आहे म्हणाला. मांडवात सावली होती. मग त्याचं बोलणं मधेच तुटलं. तोंडाला रंग चढला, हातांवरच्या पेस्टसारखा, आणि तो सदऱ्याची बटणं शोधू लागला, पण बोटांना ती सापडेनात.

गोजरबाईनं मांडवाखाली येऊन एकेक पेला मातीत पालथा घातला. गड्यांना विचारलं नाही.

तिनंच धर्माजीला काय झालं ते सांगितलं, मग त्यानं जीप आणली. रखमाजीला मागं आडवं घातलं. सोमनाथ चढायला लागला तेव्हा भिकानं त्याचा दंड धरला.

"तीन सालं," भिका म्हणाला. "दिवाळीला आमी घरी जाऊन पितो, ते तुला ठावं व्हतं. एखाद्या साली दिवाळी आठ दिसांच्या आत आली असती तर?"

सोमनाथ म्हणाला, दिवाळी बघूनच मी छाटणी धरत होतो. दरवर्षी मोजत होतो.

"तू मोजत व्हता," भिका म्हणाला. दंड सोडला. आमच्या डोंगरातल्या लोकांना आम्ही सांगू, जमीनवाल्यांना तुझं तू सांग, आणि आमच्या दारात येऊ नको, एवढं सांगून तो बोचकी आवरायला निघून गेला.

जीप मंचरच्या रस्त्याला लागली. रखमाजीचं डोकं सोमनाथच्या मांडीवर होतं. छाती वरखाली होत होती, भात्यासारखी. शुद्ध होती. सोमनाथनं वाकून विचारलं, येताना रस्त्याला तांबड्या बागा दिसल्या, त्या कुणाच्या? ही रीत कुणाकुणाला सांगितली?

रखमाजीनं डोळे उघडले. तशाही हालतीत त्याच्या तोंडावर मोठेपणा आला.

"समद्यांला," तो म्हणाला. "वळती. रांजनी. पारगाव. लाखनगाव. मेव्हना न्हेऊन गेला शिरूरकडं." दम घेतला. "समद्यांला मीच शिकिवलं."

"पथ्य सांगितलं का, तात्या?"

रखमाजीनं मान हलवली. म्हणजे हो की नाही ते कळेना. मग म्हणाला, "सांगितलं ना. त्यांच्यात आसतं म्हनून." हसायचा प्रयत्न केला, त्याची उबळ झाली. "उद्या आइतवार. समदे उद्याच धुनारेत."

डायरीतलं माप तोळ्यामाशाला धरून चार गावं फिरलं होतं. पथ्यही फिरलं होतं, चुटका म्हणून.

दवाखान्याच्या दारात स्ट्रेचर येईपर्यंत धर्माजीनं सोमनाथला भिंतीशी घेतलं. "अटॅक आला म्हनायचं. दारूचं, औषधाचं नाव काढायचं न्हाई. उद्या माझी बाग लावायला कोन येनार न्हाई, आन गाव म्हनंल बौद्धाचं ऐकून भाऊ घालीवला." आवाज चढला नव्हता. रडत होता तो.

आत डॉक्टरनं विचारलं काय झालं. तरुण होता, नाडी धरून घड्याळाकडं बघत होता. धर्माजी म्हणाला, अटॅक. सोमनाथ म्हणाला, न्हाई साहेब, द्राक्षाचं औषध आणि वर दारू, आणि हे मला ठाऊक होतं, मी सांगितलं नव्हतं. डॉक्टरनं दोघांकडं बघितलं. असलं काही शिकलो नाही म्हणाला, पण औषधाचं नाव विचारून घेतलं आणि रखमाजीला आत नेलं. दार मिटलं. धर्माजी सोमनाथकडं न बघता बाकावर बसला. जीप दे, गावं फिरून येऊ, तुझं ऐकतील, असं सोमनाथनं दोनदा म्हणून बघितलं. धर्माजीनं किल्ली मुठीत धरली ती सोडली नाही. आतून कुणी काही सांगायला येईना.

सोमनाथ चालत स्टँडवर आला. फलाटावर पारगावची गाडी इंजिन चालू ठेवून उभी होती. वळतीची आणि लाखणगावची गेली होती. रांजणीला आता सकाळशिवाय काही नव्हतं, आणि शिरूरकडचा मेव्हणा कुठल्या गावचा ते विचारायचंच राहिलं होतं. प्रत्येक गावात एक मांडव असेल, मांडवाखाली एक रखमाजी असेल, आणि त्याला हा उपरा बौद्ध माणूस येऊन सांगणार की बाटली बंद करा. कुणीतरी हसणारच.

कंडक्टरनं दुहेरी घंटी दिली. सोमनाथ पारगावच्या गाडीत चढला, कारण तीच एक होती.